टपालाची थैली आणि चौकातला पोलीस

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. कर्जाचे हप्ते, कांडप यंत्राचा हिशोब, सगळं तसंच राहिलं आणि दीड तास एकाच गोष्टीवर भांडण झालं. आज तेच भांडण तुमच्यापुढे मांडतोय.

आमच्या गटातली एक मैत्रीण ग्रामीण डाक सेवक आहे. दहावीच्या गुणांवर तिची निवड झाली. या नोकरीच्या जाहिरातीत सायकल चालवता येणं ही अट असते, आणि स्कूटर किंवा मोटारसायकल येत असेल तर तेही चालतं. आमच्याकडे चढ एवढा आहे की सायकलवर टपाल वाटायचं म्हटलं तर संध्याकाळ होईल. म्हणून तिने गटाकडून कर्ज काढून जुनी स्कूटर घेतली. गाव आणि पाच वाड्या, एवढं तिचं क्षेत्र.

त्या दिवशी तालुक्याचा बाजार होता. टपालाची थैली घेऊन ती निघाली. मुख्य रस्त्यावर भाजीच्या गाड्या, बैलगाड्या, पाय ठेवायला जागा नाही. तिने एकेरी गल्लीत उलट्या बाजूने स्कूटर घातली. डोक्याला हेल्मेट नाही, ओढणी गुंडाळलेली. चौकात पोलिसाने अडवलं. ती म्हणाली, "साहेब, सरकारी टपाल आहे, उशीर होतोय." तो म्हणाला, "ताई, टपाल सरकारी आहे, डोकं तुमचं आहे." दंड झाला. मग त्याने गाडीचे कागद मागितले, तेव्हा कळलं की विमा सात महिन्यांपूर्वीच संपलाय.

बैठकीत निम्म्या बाया तिच्या बाजूने. ती काही फिरायला गेली नव्हती. आमच्या गावातल्या निराधार बायांचे पैसे तीच बोटाचा ठसा घेऊन दारात देते. परीक्षेचं पत्र, नोकरीचा कॉल तीच आणते. अशा बाईला अडवायचं म्हणजे गावाचं काम अडवायचं. दुसऱ्या बाजूला आमच्या एक काकू. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नातवाला दुधाच्या टेम्पोने उडवलं, पोरगं अजून लंगडतं. काकू एवढंच म्हणाल्या, "त्या टेम्पोवाल्यालाही उशीरच होत होता." त्यावर कुणी बोललं नाही. पण प्रश्न सुटला नाही. सरकारी टपाल नेणाऱ्याला रस्त्याचे नियम लागू आहेत की नाहीत, आणि असावेत की नसावेत?

आम्ही तालुक्याच्या विधी सेवा समितीत गेलो. बाईमाणसाला तिथे सल्ला मोफत मिळतो, १९८७ च्या कायद्यानेच तो हक्क दिला आहे. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे पुष्कळजणींना माहीत नसतं. तिथे जे समजलं ते सांगतो.

आपल्या संविधानात टपाल हा केंद्राच्या यादीतला विषय. मोटारगाड्या हा समवर्ती यादीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचा. आमच्यातल्या जिने बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं, तिने या याद्या परीक्षेपुरत्या पाठ केल्या होत्या. इतक्या वर्षांनी त्या अशा कामाला आल्या. रस्त्यावरचा मुख्य कायदा म्हणजे १९८८ चा मोटार वाहन कायदा. तो संसदेनेच केलेला. त्यात लायसन, हेल्मेट, विमा, वेग सगळं आहे. टपालवाल्याला यातून मोकळं केलं आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. वाट करून द्यायची ती अग्निशमन दलाच्या गाडीला, रुग्णवाहिकेला आणि राज्य सरकार ठरवेल त्या तातडीच्या गाडीला. त्यांना वाट दिली नाही तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. आणि रुग्णवाहिकेच्या चालकालाही सिग्नल तोडताना समोरच्याची काळजी घ्यावीच लागते.

मग "टपाल अडवू नये" हे आपण लहानपणापासून ऐकतो ते कुठून आलं? पूर्वी टपाल हरकारा पळत न्यायचा. त्याच्या भाल्याला घुंगरं असायची, आवाज आला की वाटेवरचे लोक बाजूला व्हायचे. पुढे इंग्रजांनी १८९८ साली टपालाचा कायदा केला, त्यात टपाल अडवणाऱ्याला दंड होता. पण त्याच कलमात पुढे लिहिलं होतं की टपाल नेणाऱ्याने दखलपात्र गुन्हा केला असेल तर त्याला ताब्यात घ्यायला या कलमाची आडकाठी नाही. म्हणजे संरक्षण होतं ते थैलीला. थैली नेणाऱ्याच्या चुकीला नव्हतं. आता तो कायदाही गेला. १८ जून २०२४ पासून नवा डाकघर कायदा लागू झाला आहे. त्यातही रस्त्याच्या नियमातून सूट देणारं कलम नाही.

हे भांडण फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. तिकडे रस्त्याचे कायदे प्रत्येक राज्याचे वेगळे आणि टपाल मात्र केंद्राचं. मेरीलँड राज्यातल्या माउंट एअरी गावाहून वॉशिंग्टनला टपालाची सरकारी ट्रक नेणाऱ्या एका चालकाकडे राज्याचं लायसन नव्हतं. राज्याने त्याला दंड केला. १९२० साली न्यायालयाने दंड रद्द केला. केंद्राचं काम कुणी करायचं, तो त्या कामाला लायक आहे का, हे केंद्र ठरवेल, त्यासाठी राज्याची परीक्षा आणि फी नको, असं न्यायालय म्हणालं. हे ऐकून आमची डाक सेवक मैत्रीण खूश झाली. पण निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती होम्स यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली होती. केंद्राचा नोकर आहे म्हणून राज्याच्या सगळ्याच कायद्यांतून सुटका होत नाही, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर गाडी कशी वळवावी यासारखे सर्वसाधारण नियम त्यालाही लागू होऊ शकतील. आम्हाला हा फरक पटला. गाडीवर कुणी बसायचं हा एक प्रश्न, आणि बसल्यावर चौकात कसं वागायचं हा दुसरा. आपल्याकडे तर पहिला प्रश्नही उरत नाही. लायसनचा कायदा संसदेचाच आहे.

"सरकारी काम आहे" या शब्दांची किंमत किती, ते आपल्या एका बाईने पूर्वीच दाखवून दिलं आहे. राजस्थानात सरकारी जीप दुरुस्तीहून परत आणताना चालकाने पायी चाललेल्या माणसाला उडवलं, तो गेला. त्याची विधवा विद्यावती आणि लहान मुलगी कोर्टात गेल्या. सरकार म्हणालं, आम्ही जबाबदार नाही. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोकराच्या चुकीसाठी इतर मालक जबाबदार असतो तसंच सरकारही आहे. १५,००० रुपये भरपाई कायम झाली. सरकारी चाक अंगावरून गेलं म्हणून मरण काही वेगळं होत नाही.

आता आमच्या मैत्रिणीची गोष्ट. दंडापेक्षा विम्याच्या कागदाने आमची झोप उडाली. नव्या दुचाकीला आता पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. जुनी गाडी घेणारीला तो दरवर्षी आठवणीने भरावा लागतो. तिच्या स्कूटरची कुणाला धडक बसली असती तर भरपाई विमा कंपनीने दिली नसती. ती गाडीच्या मालकावर आणि तिच्यावर आली असती, आणि गटाचं कर्ज डोक्यावर होतंच. त्यात स्कूटर नवऱ्याच्या नावावर! विम्यात मालक-चालकाला १५ लाख रुपयांचं अपघात संरक्षण असतं, पण ते ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला, आणि त्याच्याकडे लायसन असेल तर. गाडी ती चालवणार, हप्ते ती फेडणार, आणि पडली तर हे संरक्षण तिला नाही. मैत्रिणींनो, तुमच्या गटाने गाडीसाठी कर्ज दिलं असेल तर आजच आरसी काढून नाव बघा. लायसनही बघा. विनागिअर स्कूटरच्या लायसनवर नवऱ्याची गिअरची मोटारसायकल चालवता येत नाही.

तरी पण दंड झाला म्हणजे न्याय झाला, असं आम्हाला वाटत नाही. ती उलट्या बाजूने का शिरली? तिचं काम चार-पाच तासांचं धरलेलं आहे. १०,००० रुपये मूळ भत्ता आणि त्यावर महागाई भत्ता, एवढ्यात घर चालवायचं. थैली मिळायला उशीर झाला तरी परत जायची वेळ तीच. आणि दारात उभ्या राहून "आज एवढा उशीर का गं?" असं विचारणाऱ्या आपणच असतो. खरं सांगायचं तर बैठकीत तिची बाजू घेणाऱ्या तिघी-चौघी तिला रोज फोन करून घाई करणाऱ्याच निघाल्या.

म्हणून आमचं मत असं झालं. हेल्मेट, लायसन, विमा, रस्त्याची बाजू, यांत टपालवाल्याला सूट नको. सूट दिली तर पहिली मरेल ती आमचीच मैत्रीण. पण गाडी थोडा वेळ कुठे उभी करू द्यायची, बाजाराच्या दिवशी थैलीची वेळ बदलायची, या गोष्टी आधी लेखी मागून मिळवता येतात. एखाद्या रस्त्यावर गाड्या बंद करायचा किंवा ठरावीक वेळेपुरत्या सोडायचा अधिकार कायद्याने प्रशासनाला दिलेलाच आहे. चौकात पोलिसाशी हुज्जत घालून काहीच मिळत नाही. हेल्मेटचं काय, यावर आमचं एकमत नाही. काहीजणी म्हणतात, काम खात्याचं आहे तर हेल्मेट खात्याने द्यावं. काकू म्हणतात, खातं देईपर्यंत डोकं घरी ठेवून जायचं का? शेवटी गटाच्या दंडाच्या पैशातून आयएसआय खुणेचं हेल्मेट घेतलं. बैठकीला उशिरा येणाऱ्यांचा दंड अखेर कुठेतरी कामी आला.

विमा भरला आहे. स्कूटर तिच्या नावावर करायचे कागद आरटीओत दिले आहेत. नवऱ्याने सही करायला थोडे आढेवेढे घेतले, पण केली. बाजाराच्या दिवशी थैली अर्धा तास आधी मिळावी आणि डाकघरासमोर दुचाकीला जागा राखावी, असे दोन अर्ज गटाच्या लेटरहेडवर गेले आहेत. अजून उत्तर नाही. तुमच्या गावात टपाल कोण आणतं, कोणत्या गाडीवरून आणतं, आणि त्या गाडीचा विमा कोण भरतं, ते आम्हाला लिहून कळवा. पत्र टाकलंत तरी चालेल, आमची मैत्रीण आणून देईल. जरा उशिरा आणेल.