दारफाळणीचा सण आणि एक शुद्धिपत्र

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात. कित्येक वर्षी नेमक्या त्याच सुमारास, मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्यात शिरणाऱ्यास आणखी एका उत्सवाची चाहूल लागते. 1879 साली उभ्या राहिलेल्या ‘शाआर हाशामाइम’ म्हणजे ‘स्वर्गद्वार’ या यहुदी प्रार्थनामंदिरात तिश्री महिन्याची पहिली तिथी, म्हणजे यहुदी नववर्ष, साजरी होत असते. त्यांचे पंचांग आपल्यासारखेच चांद्रसौर आहे. त्यातही अधिक मास येतो. म्हणून दोन्ही सण पुष्कळदा हातात हात घालून येतात.

कोकणातील बेने इस्राएल बांधव या नववर्षास ‘नव्याचा सण’ म्हणत आणि दहाव्या दिवशीच्या कडकडीत उपवासाच्या महापर्वास ‘दारफाळणीचा सण’. त्या दिवशी दारे लावून घ्यावयाची आणि वर्षभराच्या पापांचा हिशेब देवापुढे ठेवावयाचा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’ आडनावाने दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, भाषेने मराठी, आणि त्यांच्यातील बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारख्या मंडळींनी तर गेल्या शतकाआधीच्या शतकात बायबलमधील आख्याने मराठी कीर्तनात बांधली. आमच्यासारख्या हरिदासास एवढ्यानेच हा समाज आप्त वाटावा, यात नवल नाही.

परंतु एकदा या समाजापुढे त्याच्याच धर्मबांधवांनी दार लावून घेतले होते. ते उघडण्यासाठी ज्या धर्मशास्त्र्याने लेखणी झिजविली, त्यांचे नाव महाराष्ट्रात फारसे कोणी घेत नाही. रब्बी यित्झाक निस्सीम हे ते नाव. या पर्वाच्या निमित्ताने त्यांचा परिचय वाचकांस करून द्यावा असे आम्हांस वाटले.

निस्सीम यांचा जन्म 1896 साली बगदादेत झाला. 1925 साली ते जेरुसलेमला येऊन राहिले. तेथे त्यांनी ग्रंथ जमविले, जुनी हस्तलिखिते मिळविली, आणि धर्मप्रश्नांवरील त्यांची उत्तरे ‘येइन हातोव्ह’, म्हणजे ‘उत्तम द्राक्षरस’, या नावाच्या ग्रंथात संकलित झाली. 1955 साली ते इस्राएलचे सेफार्डी मुख्य रब्बी झाले आणि 1972 पर्यंत त्या पीठावर राहिले. 1981 साली त्यांचे निधन झाले.

यहुदी धर्मशास्त्रास ‘हलाखा’ म्हणतात. हा शब्द ‘चालणे’ या अर्थाच्या हिब्रू धातूपासून आला आहे. आमचा ‘आचार’ हाही ‘चर्’ धातूचाच. दोन दूरच्या भाषांनी धर्मास पायवाटेचीच उपमा द्यावी, हे मनास सुखविणारे आहे. त्या वाटेवर कोठे शंका आली की गावोगावचे लोक विद्वान रब्बीस पत्र लिहीत, आणि रब्बी पूर्वाचार्यांची वचने तोलून लेखी उत्तर देत. काशी-पैठणच्या शास्त्र्यांची निर्णयपत्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांस ही रीत परकी वाटणार नाही.

आता मूळ प्रश्न. 1948 साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि मुंबई, ठाणे, कुलाबा या भागांतील हजारो बेने इस्राएल तिकडे जाऊ लागले. तेथे यहुद्यांचे विवाह रब्बींच्याच अधिकाराने लागतात. काही रब्बींनी या लोकांचे इतर यहुद्यांशी विवाह लावण्याचे नाकारले. शंका अशी की, शतकानुशतके हा समाज रब्बींवाचून राहिला. घटस्फोटाचे पत्र, ज्यास ‘गेट’ म्हणतात, ते शास्त्रोक्त कसे लिहावे हे यांस ठाऊक नव्हते. एखादी स्त्री अशुद्ध पत्राने सुटून पुन्हा विवाहबद्ध झाली असेल, तर शास्त्रदृष्ट्या ती पहिल्या पतीचीच पत्नी. मग दुसऱ्या विवाहाची संतती ‘ममझेर’ ठरते. ममझेराचा दोष जन्मापासून लागतो आणि वंशात उतरतो. सामान्य यहुदी कुटुंबाशी त्याचा विवाह होऊ शकत नाही. पणजीच्या कागदावर एक अक्षर चुकले असेल, एवढ्या संशयावर पणतीचे लग्न अडले!

निस्सीम यांच्या पुढाकाराने मुख्य रब्बी-पीठाने 1961 साली निर्णय दिला: हे लोक इस्राएलच्या वंशाचेच आहेत आणि त्यांच्याशी विवाह निषिद्ध ठरविण्यास आधार नाही. 1962 साली या विषयावरील निर्णय व साधने यांचे पुस्तकही पीठाने प्रसिद्ध केले. या बाजूचा युक्तिवाद आमच्या मते मोठा मार्मिक होता. कोकणातील यहुदी शेजाऱ्यांच्या चालीरीतींत मिसळले, हाच त्यांच्यावरचा आक्षेप. पण याच मिसळण्यामुळे त्यांच्यात घटस्फोट जवळजवळ नव्हताच आणि विधवेचा पुनर्विवाहही समाजास रुचत नव्हता. जेथे गेट लिहिण्याचा प्रसंगच क्वचित, तेथे अशुद्ध गेटचे भय कशास? ज्या देशाचाराकडे बोट दाखविले जात होते, तोच साक्षीस उभा राहिला.

येथे आम्हांस थबकावे लागते. ज्या रूढीने त्या समाजाचे कुळ निष्कलंक ठरले, त्याच रूढीने कोकणातल्या कित्येक बाल-विधवांनी, यहुदी आणि हिंदू दोन्ही, आयुष्य कोपऱ्यात कंठले. पणतीचा विवाह झाला तो पणजीच्या वैधव्याच्या बळावर. धर्मनिर्णयाच्या कागदावर हे दुःख लिहिलेले नसते. वाचणाऱ्याने ते ओळखावयाचे असते.

निर्णय झाला, तरी दार पुरते उघडले नाही. निस्सीम यांच्यावर विरोधकांचा भार होता. 1962 च्या प्रारंभी विवाह-नोंदणी करणाऱ्या रब्बींस सूचना गेल्या: बेने इस्राएल वधूवरांच्या आईची, आजीची, तिच्याही मागची, जमेल तितकी वंशचौकशी करावी. अन्य कोणत्याही समाजाचे नाव त्या कागदात नव्हते. निळ्या समुद्राकाठच्या नौगावास आपले पूर्वज जहाज फुटून लागले, एवढीच ज्यांची परंपरा, त्यांनी पणजीच्या पणजीचे दाखले आणावेत कोठून? समाज संतापला. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बेने इस्राएलांनी धरणे धरले. ऑगस्टमध्ये त्या देशाच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले, आणि महिनाअखेर रब्बी-पीठाने सूचनांतून ‘बेने इस्राएल’ हे नाव काढून ‘ज्याच्या कुळाविषयी शंका असेल असा कोणीही’ अशी शब्दरचना केली. चौकशी राहिली, एका समाजावरचा शिक्का पुसला गेला.

बगदादी यहुदी मुंबईत आले तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी बेने इस्राएलांशी विवाहसंबंध टाळले, हा इतिहास आहे. त्याच बगदादच्या एका पुत्राने हा समाज निर्दोष ठरविण्यासाठी शास्त्र उघडले, हे निस्सीम यांच्या चरित्रातील सर्वांत सुंदर पान होय.

आम्ही पैठणचे. आमच्याच गावच्या ब्रह्मवृंदाकडे, परंपरा सांगते, विठ्ठलपंतांची पोरकी मुले शुद्धिपत्र मागावयास आली होती. संन्यास सोडून संसारात परतलेल्या पित्याचा दोष निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई यांच्या माथी मारला गेला होता. कीर्तनात हा प्रसंग आला की मुलुंड-घाटकोपरच्या मंडपांतील आयाबहिणी पदराने डोळे पुसतात. ती कथा आपल्यापुरती ठेवून चालणार नाही, असे आम्हांस आता वाटू लागले आहे. जन्माच्या दाखल्यावर माणूस अडविण्याची वृत्ती कोणत्याही एका धर्माची मिरास नाही; ती जेरुसलेमलाही असते आणि गोदातीरीही. फरक एवढाच की कोठे शास्त्री शास्त्राचे कुलूप करतो, आणि कोठे त्याच शास्त्रात किल्ली शोधीत बसतो. वचने दोघांपुढे तीच असतात.

रब्बी निस्सीम किल्ली शोधणाऱ्यांपैकी होते. त्यांनी परंपरा मोडली नाही, तिच्याबाहेरही गेले नाहीत. संशयाचा भार जन्मलेल्या लेकरावर टाकण्याआधी संशयालाच पुरावा मागावा, एवढे त्यांनी केले. अशाच वाटेने 1973 साली त्यांचे उत्तराधिकारी रब्बी ओव्हादिया योसेफ यांनी इथिओपियातील यहुद्यांस आपले मानण्याचा निर्णय दिला.

आज आपल्याकडे बेने इस्राएल कुटुंबे पूर्वीपेक्षा कमी उरली आहेत. कित्येकांची नातवंडे इस्राएलात वाढत आहेत. तरीही ठाण्याच्या स्वर्गद्वारी तिश्रीचा चंद्र उगवतो आणि दहाव्या दिवशी दारे लागतात. त्याच सुमारास आपण दसऱ्याला सीमोल्लंघन करतो. सीमा गावाची असते तशी मनाचीही असते. यंदा आपट्याचे पान कोणाच्या हाती द्यावयाचे, हे ठरविताना त्याचे कुळ विचारू नये, इतकीच प्रार्थना.