फिनलंड राहू दे, दाजीपूर गाठा!

ऑफिसातल्या निम्म्या मॉनिटर्सवर एकच वॉलपेपर असतो, बघितलंय? काळंशार जंगल, मधोमध आरशासारखं तळं, काठाला एकटी होडी. फिनलंड, नाहीतर कॅनडा. आपण अपरेझलच्या टेन्शनमध्ये त्याच्याकडे बघून उसासा टाकायचा आणि एक्सेल शीट उघडायची. व्हिसा, विमानाचं तिकीट, पंधरा दिवसांची रजा... बॉस देतोय होय!

पण तुम्ही कळंब्यात राहत असाल, तर जंगल आणि तळ्यांचा माळा तुमच्यापासून जेमतेम दोन-अडीच तासांवर आहे. गारगोटी रोडला लागायचं, मुदाळ तिट्ट्याला उजवीकडे वळायचं, राधानगरी आणि मग दाजीपूर. कोल्हापुरातून ऐंशीएक किलोमीटर. फुलेवाडी-भोगावतीचा रस्ता नेहमीचा आहेच, पण कळंबेकरांना शहरात शिरून ट्रॅफिक खायचं कारण नाही.

आता एक फरक आधीच सांगून टाकतो. फिनलंडची तळी बर्फानं कोरलेली. हिमयुगात तिथं किलोमीटरच्या हिशेबात जाड बर्फ होता, तो दहाएक हजार वर्षांपूर्वी वितळला आणि खड्ड्यांत पाणी साचलं. लहानमोठी धरून एक लाख ऐंशी हजारांवर तळी! आपल्या सह्याद्रीवर बर्फाची चादर कधी आलीच नाही. आपला हा डोंगरमाथा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, वरती पावसानं झिजून झालेला जांभा. त्या सपाट कातळाला इकडे ‘सडा’ म्हणतात. आणि तळी? ती माणसांनी केलेली.

त्यातलं पहिलं, राधानगरीचा लक्ष्मी तलाव. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर या धरणाचं काम सुरू केलं ते १९०७-०८च्या सुमारास. एका संस्थानाच्या तिजोरीतून एवढं धरण बांधायचं म्हणजे चेष्टा नव्हती. काम मधे रखडलं, १९२२मध्ये महाराज गेले आणि धरण पुरं व्हायला १९५०चं दशक उजाडलं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे कोल्हापूरकराला पाठ असतात. पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात. बटण दाबायला कुणी लागत नाही. पावसाळ्यात ‘राधानगरीचा तिसरा दरवाजा उघडला’ असा मेसेज आला की अख्ख्या शहराचा जीव वरखाली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ला पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर गेली, तेव्हा काय झालं ते ज्यांनी गाडी पार्किंगमधून हलवली नाही त्यांना विचारा.

दुसरं तळं दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाचं. या दोन जलाशयांच्या मधे आणि भोवती जे जंगल पसरलंय तेच राधानगरी अभयारण्य. मूळची ही कोल्हापूरच्या छत्रपतींची शिकारीची राखीव जागा. १९५८मध्ये इथं गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य झालं, १९८५मध्ये हद्द वाढून क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर झालं आणि २०१२मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत नाव लागलं.

आत काय आहे? खरं सांगू, पहिला तासभर काहीच नाही! लाल मातीची वाट, अंजनी-जांभळाची दाट झाडी, मधेच शेकरूची खसफस. मोबाईलची रेंज जाते आणि हात उगीच खिशाकडे जात राहतो. मग सावराई सड्यावर झाडी एकदम संपते आणि समोर नुसतं आभाळ. पाऊस ओसरताना अशा सड्यांवर सीतेची आसवं आणि दवबिंदू उगवतात. दोन्ही नाजूक वनस्पती चक्क किडे खातात, कारण कातळावरच्या बोटभर मातीत खायला दुसरं काही नाही. अशा जागी बाईक चढवून रील करणाऱ्या मंडळींना काय म्हणावं? जाऊ दे.

आणि गवा. हजार किलोचा नर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा, रस्त्यात उभा राहिला की आपली गाडी खेळण्यातली वाटते. “हॉर्न मारू नका साहेब, त्याचं काम झालं की जाईल त्यो,” आमच्या वाटाड्यानं कुजबुजत सांगितलं. त्याचं काम वीस मिनिटांनी झालं. गवा स्वभावानं भांडखोर नाही, पण वाट अडवली की ऐकत नाही. डिसेंबर २०२१मध्ये गवा थेट कोल्हापूर शहरात आला होता, तेव्हा बघ्यांच्या गर्दीनं काय गोंधळ घातला ते सगळ्यांनी पाहिलंय.

बरं, हे सगळं नुसत्या वीकेंडपुरतं नाही. एकेकाळी कोल्हापूर कळंबा तलावाचं पाणी प्यायचं. त्यानंतर पंचगंगा आणि भोगावतीच्या उपशावर भागवलं. नोव्हेंबर २०२३पासून शहरात थेट पाईपलाईननं काळम्मावाडीचं पाणी येतंय. त्रेपन्नएक किलोमीटरची पाईप, कित्येक वर्षांची आंदोलनं आणि निवडणुकांची भाषणं! म्हणजे वॉटर प्युरिफायरचा नळ सोडलात की ग्लासात जे पडतं, ते दूधगंगेच्या डोंगरातून आलेलं. तिथला पाऊस जंगल अडवतं, जिरवतं, हळूहळू सोडतं. झाडी गेली की माती धरणात येणार आणि धरणाची जागा खाणार. याच राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडला बॉक्साईटची खाण चालली. बॉक्साईट मिळतं कुठं, तर त्याच जांभ्याच्या सड्यांत. विकास नको असं कुणी म्हणत नाही, पण सडा एकदा खरवडला की दवबिंदू कुठल्या नर्सरीत मिळत नाही.

जाणार असाल तर पावसाळ्यात आतला भाग बंद असतो, तेव्हा राऊतवाडीचा धबधबा बघून परत फिरा. जंगलासाठी दिवाळीनंतरचे दिवस झकास. प्रवेशाच्या वेळा वन विभागाकडे आधी विचारा, वाटाड्या गावातलाच घ्या. रोख पैसे जवळ ठेवा. स्पीकर घरी. पिशवीतून नेलेलं वेष्टण पिशवीतूनच परत आणा. उन्हाळ्यात लक्ष्मी तलावाचं पाणी उतरलं की मधल्या बेटावरचा संस्थानकाळातला बेनझीर व्हिला नीट दिसतो, तो चुकवू नका. आणि अंधाराच्या आत घाट सोडा, संध्याकाळनंतर तो रस्ता गव्यांचा असतो.