जुनी गाडी वर्कशॉपला देताना

आधी व्याख्या. कायद्याने ‘व्हिंटेज’ म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी किंवा चारचाकी (केंद्राचे नियम, २०२१). चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवे. नवी नोंदणी २०,००० रुपये, फेरनोंदणी ५,०००. मुदत १० वर्षे. नंबरात राज्याच्या कोडनंतर ‘व्हीए’. रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला मनाई. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, दुरुस्ती यांना मुभा.

पुणे परिसरात तयार झालेल्या गाड्या. आकुर्डीची बजाज चेतक (१९७२), बजाज टेम्पोची मॅटॅडोर, टाटांची सिएरा (१९९१). प्रीमियर पद्मिनी मात्र कुर्ल्याची.

इंजिनकाम. पद्मिनीचा बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५, चार सिलिंडर: १,०८९ सीसी. झिजलेला बोअर अर्धा मिमी वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घातला, की क्षमता साधारण १,१०६ सीसी होते. आधी पिस्टन हातात घ्यावा, त्याच्या मापाने बोअरिंग करावे. उलट क्रम महागात पडतो.

पत्रा. गंज बहुधा फूटबोर्ड, दाराचा तळ आणि चाकावरच्या कमानीत. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणे वेगळे, वरून पुट्टी भरणे वेगळे. प्रायमर मारण्याआधी उघडा पत्रा स्वतः पाहावा.

कागद.
- जॉबकार्डवर चॅसी आणि इंजिन नंबर.
- सुट्या भागांची फोटोंसह यादी.
- पैसे टप्प्याटप्प्याने: पत्रा, रंग, इंजिन, वायरिंग.
- रंग बदलल्यास आरसीवर नोंद. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आधी.