घरातली कीड आणि गोळीचा धोका

धान्यात सोंडे झाले किंवा ढेकणांनी झोप उडवली की काही घरांत धुरीची गोळी आणून ठेवतात. स्वस्त पडते, म्हणून. आज आपण तिच्याबद्दलच बोलू.

ही गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाईडची. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. 3 ग्रॅमच्या गोळीतून साधारण 1 ग्रॅम. तो किड्याला मारतो तसाच माणसालाही, आणि त्यावर उतारा नाही. दार लावून शेजारच्या खोलीत निजलं, तरी तो फटीतून येतो. म्हणून ही गोळी घरी वापरायचीच नाही. कुणाला मळमळ, उलटी, धाप सुरू झाली, तर सगळ्यांनी आधी बाहेर मोकळ्या हवेत यायचं आणि 108 ला फोन करायचा.

ढेकणांना धुरी नको, फवारणी पुरते. दर बहुधा खोल्यांवर ठरतो. पैसे ठरवण्याआधी विचारू या: परवाना आहे का? औषध कोणतं? घरात परत कधी यायचं? दुसरी फेरी त्याच पैशांत का? पहिल्या फवारणीतून अंडी वाचतात, म्हणून दोनेक आठवड्यांनी दुसरी फेरी लागतेच. गटातल्या चार-पाच घरांनी मिळून बोलावलं, तर दर कमी करून मागता येतो.

गोधड्या उकळत्या पाण्यात भिजवून उन्हात टाकू. धान्य कडक वाळवून, गार झाल्यावर, कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासह घट्ट झाकणाच्या कोठीत भरू. याला खर्च जवळजवळ नाहीच.

येत्या बैठकीत एवढंच विचारू या: कुणाच्या घरात ती गोळी आहे का?