सुधाकराचा पहिला प्याला

राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ सालीं, रंगभूमीवर आलें. मद्यपाननिषेधाचें नाटक म्हणूनच तें ओळखलें जातें, आणि सारा दोष प्याल्याच्या माथीं बसतो. परंतु प्याला हातीं येण्यापूर्वींच सुधाकराचा तोल गेलेला असतो, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावी.

१९२१ सालीं स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनीं स्वभावप्रकारांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मनाचा ओघ बाहेरच्या जगाकडे वाहतो तो बहिर्मुख, आंत वळतो तो अंतर्मुख, ही त्यांची वांटणी सर्वांस ठाऊक आहे. तिच्या जोडीला विचार, भावना, संवेदना व अंतःस्फूर्ति या चार शक्ती त्यांनीं मानिल्या. विचार फार प्रबळ झाला कीं भावना अशिक्षित राहते, आणि प्रसंगीं पोरासारखी उसळते. काल्पनिक पात्रांस हा गज लावणें युंगांना परकें नव्हतें. स्पिटेलर या कवीच्या प्रॉमिथ्यूस व एपिमिथ्यूस यांची चिकित्सा त्याच ग्रंथांत आहे.

सुधाकर वकील. बुद्धि हेंच त्याचें भांडवल आणि तिचाच त्याला ताठा. भर कोर्टांत मुनसफाशीं खटका उडून सनद कांहीं काळ रद्द होते, तेव्हां घाव बुद्धीवर नव्हे, मानीपणावर बसतो. आणि तेथें या विद्वानापाशीं लहान मुलाइतकीच समजूत! तळीरामानें पुढें केलेला प्याला तो चवीसाठीं घेत नाहीं. विचार थांबावा म्हणून घेतो. तळीरामाचें तसें नाहीं. त्याला मद्याइतकीच मंडळी हवी; ‘आर्यमदिरामंडळा’चा थाट हा बहिर्मुखाचा थाट आहे. पुढें सुधाकर मद्य सोडतो तेंही मनापासून. पण नोकरीच्या शोधांत अवहेलना वांट्यास येतांच तीच जुनी जखम उघडते, आणि पुन्हां प्याला.

हा गज सर्वत्र पुरतो असें मात्र नाहीं. आजचे मानसशास्त्रज्ञही माणसांचे असे काटेकोर कप्पे मानीत नाहींत. बहुतेक माणसें मध्येंच कोठें तरी असतात. सिंधूला भावनाप्रधान म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण दळण दळून संसार ओढणारी हीच स्त्री मरणाच्या दारीं, पतीला वांचविण्यासाठीं, फौजदारापुढें खोटी हकीकत रचून सांगते. आणि ती रचना एखाद्या वकिलास शोभावी इतकी सावध असते.