शेल्डनच्या फळ्यावरचं भौतिकशास्त्र

‘द बिग बँग थिअरी’ या अमेरिकी विनोदी मालिकेत शेल्डन आणि लेनर्ड या भौतिकशास्त्रज्ञ पात्रांच्या घरी जो पांढरा फळा दिसतो, त्यावरची समीकरणं शोभेची नाहीत. २००७ ते २०१९ या काळात मालिकेचे २७९ भाग झाले. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड साल्टझबर्ग तिचे विज्ञान सल्लागार होते. अंटार्क्टिकावर फुग्याला अँटेना बांधून न्यूट्रिनो शोधणाऱ्या ‘अनिता’ प्रयोगातले हे संशोधक. लेखक संहितेत विज्ञानासाठी जागा मोकळी सोडत, ती साल्टझबर्ग भरत.

म्हणूनच पात्रं गच्चीवरून चंद्रावर लेसर सोडतात, तेव्हा प्रकाश परतायला लागणारे अडीच सेकंद बरोबर असतात. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये ठेवलेला परावर्तक तिथे खरोखरच आहे. गच्चीवरच्या साहित्यानं ते परतलेले फोटॉन टिपणं मात्र अवघडच. मोठ्या दुर्बिणींनाही ते मोजकेच मिळतात.

२०१० च्या फेब्रुवारीतला एक भाग जास्त बारकाईनं पाहण्यासारखा आहे. ग्राफीनमधून जाताना इलेक्ट्रॉन वस्तुमान नसल्यासारखे का वागतात, या प्रश्नानं शेल्डनची झोप उडालेली असते. प्रश्न अस्सल होता. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा, अणूंची मांडणी षटकोनी जाळीची. या मांडणीमुळे इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या संवेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, जशी प्रकाशाची वाढते. वेग मात्र प्रकाशाच्या सुमारे तीनशेव्या भागाइतका. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गाइम आणि नोवोसेलोव या भौतिकशास्त्रज्ञांना ग्राफीनवरच्या प्रयोगांसाठी नोबेल जाहीर झालं.

पण उत्तर कसं सापडतं? शेल्डनच्या हातून उपाहारगृहात बश्या पडतात, तुकड्यांची नक्षी दिसते आणि इलेक्ट्रॉनला लहर मानायला हवं, हे त्याला उमगतं. इथे मालिका सपशेल चुकली आहे. इलेक्ट्रॉनची लहर ही कल्पना १९२४ ची, आणि या षटकोनी जाळीतल्या लहरींचं गणित भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस यांनी १९४७ मध्येच मांडलं होतं. कुठलाही सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ सुरुवातच तिथून करेल.

याउलट, चुका दाखवताना मालिका फार खरी वाटते. एका भागात शेल्डन अतिजड मूलद्रव्य बनवण्याची रीत शोधतो, कौतुक होतं आणि मग लक्षात येतं की त्यानं तक्त्यातले चौरस सेंटिमीटर चौरस मीटर समजून वाचले. फरक दहा हजार पटींचा. दुसऱ्या एका भागात स्टीफन हॉकिंग स्वतः येऊन त्याच्या हिग्ज बोसॉनवरच्या निबंधातली, दुसऱ्या पानावरची बेरीज-वजाबाकीची चूक दाखवतात. एककांची गफलत आणि साधी आकडेमोड, संशोधकांचा घात कधी कधी इथेच होतो. हे लाखो प्रेक्षकांना हसत हसत दाखवणं मला मालिकेचं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

शेवटच्या पर्वात मात्र शेल्डन आणि त्याची पत्नी एमी यांच्या ‘सुपर असिमेट्री’ या काल्पनिक सिद्धांताला प्रयोगाचा पुरावा मिळतो आणि लगोलग नोबेलही. प्रत्यक्षात हिग्ज बोसॉनची कल्पना १९६४ ची, कण सापडला २०१२ मध्ये आणि नोबेल मिळालं २०१३ मध्ये. ते पीटर हिग्ज आणि फ्रांस्वा आंग्लेर यांना मिळालं. आंग्लेर यांच्यासोबत तोच विचार मांडणारे रॉबर्ट ब्राउट २०११ मध्येच वारले होते, म्हणून ते या सन्मानाला मुकले.