गुन्हा घडण्याआधीचा तपास

लॉस एंजेलिस पोलिसांनी १९९० साली ‘थ्रेट मॅनेजमेंट युनिट’ नावाचं पथक उभं केलं. तोवर डिटेक्टिव्हचं काम गुन्हा घडल्यावर सुरू होई. या पथकासमोर मात्र ना प्रेत असायचं, ना अटकेतला आरोपी. बऱ्याचदा कायद्याच्या पुस्तकात बसेल असा गुन्हाही नसायचा. असायची ती पत्रांची चळत आणि एक घाबरलेला जीव. गेल्या साडेतीन दशकांत या कामाचं आधी शास्त्र झालं आणि मग व्यवसाय. आज अमेरिकेत कितीतरी निवृत्त डिटेक्टिव्ह धोक्याचं मूल्यमापन करणारे सल्लागार म्हणून दुसरी कारकीर्द करतात. तिची मुळं या पथकात आहेत.

पथक जन्माला आलं ते एका खुनामुळे. रिबेका शेफर ही दूरचित्रवाणीवरची २१ वर्षांची अभिनेत्री. रॉबर्ट बार्डो नावाचा तरुण कित्येक महिने तिच्या मागे होता. त्याने तिला पत्रं लिहिली, स्टुडिओच्या फाटकापर्यंत जाऊन आला, तिथून त्याला परत पाठवलं गेलं. मग टूसॉनमधल्या एका खासगी गुप्तहेराला पैसे देऊन त्याने तिचा पत्ता मिळवला. तो पत्ता वाहन परवान्याच्या सरकारी दप्तरातून निघाला होता. १८ जुलै १९८९ रोजी तो तिच्या दारात गेला. तिने त्याला दोन शब्द बोलून वाटेला लावलं. तो पुन्हा आला आणि त्याने गोळी झाडली. यातला एकेक धागा कुणा ना कुणाच्या नजरेसमोर होता, पण सगळे धागे एका टेबलावर आणणारं कुणीच नव्हतं. त्याच सुमारास ऑरेंज काउंटीत, ज्यांचं नाव कुठे झळकलं नाही अशा बायका पाठलाग करणाऱ्यांच्या हातून मेल्या. त्या मरणांचीही आठवण ठेवायला हवी, कारण पाठलाग हाच गुन्हा ठरवणारा अमेरिकेतला पहिला कायदा कॅलिफोर्नियाने केला तो या दोन्हींच्या धक्क्यातून.

पथक उभं करणारे कॅप्टन रॉबर्ट मार्टिन. सुरुवातीच्या काळात ते चालवणारे जॉन लेन. सुरुवातीला नामांकितांच्या तक्रारी डोळ्यांसमोर होत्या. पण १९९३ साली पथकाच्या ७४ प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसलं की जवळपास निम्म्या प्रकरणांत मागे लागलेला माणूस ओळखीचाच होता: आधीचा नवरा, प्रियकर, शेजारी, सहकारी. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. धोका पडद्यावरच्या चेहऱ्यांपुरता नाही, तो बिनचेहऱ्याच्या घरांतही तितकाच आहे.

दुसरा मोठा धडा अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचं रक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसच्या अभ्यासाने दिला. रॉबर्ट फीन आणि ब्रायन व्हॉसेकुइल यांनी १९४९ ते १९९६ या काळात सार्वजनिक व्यक्तींवर हल्ला केलेल्या किंवा त्या इराद्याने जवळ पोचलेल्या ८३ जणांचा मागोवा घेतला. त्यांतल्या एक-दशांशाहूनही कमी जणांनी लक्ष्य असलेल्या व्यक्तीला किंवा पोलिसांना थेट धमकी दिली होती. म्हणजे धमकी देणारा प्रत्येक जण हल्ला करत नाही आणि हल्ला करणारा बहुधा धमकी देत नाही. म्हणून मुरलेला डिटेक्टिव्ह ‘काय म्हणाला’ यावर न थांबता ‘काय करतोय’ हे बघतो. शस्त्र घेतलं का? जागा पाहून आला का? नोकरी गेली, घर मोडलं, आता गमावण्यासारखं काही उरलं नाही, असं काही झालंय का? आणि मित्राजवळ, भावंडाजवळ काही बोललाय का? या प्रश्नांची उत्तरं चौकशीत बसून, चहा पाजून, ऐकून मिळतात. अनेक वर्षं साक्षीदारांशी बोलत आलेल्या माणसाला ते जमतं.

साहजिकच या कसबाला बाजारात किंमत आली. १९९२ साली या पथकाच्याच पुढाकाराने या क्षेत्रातल्या व्यावसायिकांची संघटना स्थापन झाली. पोलीस, मानसशास्त्रज्ञ, वकील आणि कंपन्यांचे सुरक्षाप्रमुख तिथे एकत्र आले. मार्टिन पुढे गॅव्हिन डी बेकर यांच्या खासगी सुरक्षासंस्थेत गेले. टपाल कार्यालयांतल्या गोळीबारांनी हादरलेल्या कंपन्यांना कामावरून काढलेल्या माणसाची भीती वाटू लागली होती. त्यांना असे सल्लागार हवेच होते. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबारात ३२ जणांचे बळी गेले. मारेकऱ्याबद्दल प्राध्यापकांना, वसतिगृहाला, पोलिसांना थोडंथोडं माहीत होतं. पुढच्याच वर्षी व्हर्जिनिया राज्याने सरकारी विद्यापीठांना धोक्याचं मूल्यमापन करणारे चमू सक्तीचे केले.

खासगीत गेलेल्या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. पण जनतेच्या पैशांवर, जनतेच्या दुःखातून तयार झालेली ही विद्या पैसे मोजणाऱ्यांनाच आधी मिळते, हे मला खटकतं. बड्या अधिकाऱ्याला आलेल्या विचित्र ईमेलवर तज्ज्ञ बसतात. रोज बसथांब्यावर कुणीतरी वाट अडवतो अशी नर्स पोलीस ठाण्यातून ‘अजून काही केलं नाही ना त्याने?’ हे ऐकून परतते.

आपल्याकडे पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला २०१३ मध्ये, दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे आणि पहिल्या वेळी जामीनपात्र आहे. २०२० मध्ये हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं गेलं, ते करणारा तिच्या मागावर असलेला ओळखीचाच माणूस होता. महाराष्ट्रात दरवर्षी कसलेले तपास अधिकारी निवृत्त होतात. त्यांनी आपल्या तालुक्यातल्या एका महाविद्यालयाला, एका पोलीस ठाण्याला आपला वेळ द्यावा, तक्रारींच्या वह्या उघडून बसावं, आणि त्या ठाण्यांनी त्यांना खुर्ची द्यावी.